जगाच्या इतिहासाचे अध्यापन व विनामूल्य साहित्य : मैंदर्गी परिसराच्या निमित्ताने

इतिहासाच्या तासाला रायगड, प्रतापगड, पुरंदर ही नावे निघाली की मुलांचे डोळे चमकतात. तोच शिक्षक पुढे इजिप्त, ग्रीस, रोम अशी नावे उच्चारू लागला म्हणजे वर्गावर एक प्रकारची मरगळ पसरते. मुले नावे पाठ करतात, परीक्षेत लिहितात आणि सुटीत विसरून जातात. सहावीच्या पाठ्यपुस्तकात 'प्राचीन भारत आणि जग' या नावाचा पाठ आला आहे. परंतु तो शिकविताना बहुतेक ठिकाणी वाचन, प्रश्नोत्तरे व स्वाध्याय यांपलीकडे फारसे काही घडत नाही. याचा दोष मुलांकडे नाही, आणि सर्वस्वी शिक्षकांकडेही नाही. जे डोळ्यांनी पाहिले नाही व हाताने चाचपले नाही, ते केवळ शब्दांच्या बळावर मुलांपुढे उभे करणे ही कठीण गोष्ट आहे. लहान गावच्या शाळेत साहित्य तरी काय असते? आस कलंडलेला एक पृथ्वीगोल आणि कपाटामागे गुंडाळून ठेवलेला जगाचा एक जुना नकाशा. पुष्कळ शाळांतील या नकाशावर सोव्हिएट संघ अद्याप एका रंगात रंगविलेला आढळतो. हे राष्ट्र 1991 मध्ये विसर्जित झाले. असा नकाशा फेकून देण्याची घाई मात्र करू नये. त्याचे कारण पुढे येईल.

साहित्य नाही ही सबब आता पूर्वीइतकी खरी राहिलेली नाही. जगातील मोठमोठ्या संग्रहालयांनी व ग्रंथालयांनी आपली भांडारे सर्वांस विनामूल्य उघडी केली आहेत, आणि शिक्षकाच्या खिशातील मोबाइलवरून ती पाहता येतात. तथापि येथे नवीच अडचण उभी राहते. हे साहित्य अपार आहे, बहुतांशी इंग्रजीत आहे, आणि ते ज्या मुलांसाठी तयार झाले ती मुले वेगळ्या देशातील आहेत. लंडनच्या किंवा न्यूयॉर्कच्या मुलाला जे ओळखीचे, तेथून त्या पाठांचा आरंभ होतो. मैंदर्गीच्या मुलाला जे ओळखीचे, तेथून आरंभ करण्याचे काम मैंदर्गीच्या शिक्षकालाच करावे लागेल. ते दुसरे कोणी करून देणार नाही. म्हणून विनामूल्य साहित्याचा विचार संगणकापासून न करता गावापासून करणे अधिक सोयीचे आहे.

मैंदर्गी हे गाव अक्कलकोट तालुक्यात, अक्कलकोट व दुधनी यांच्या दरम्यान वसलेले आहे. कर्नाटकाची सीमा येथून दूर नाही. घराघरांतून कन्नड बोलली जाते, बाजारात मराठी व कन्नड दोन्ही चालतात, उर्दूही कानी पडते. मराठी शाळेत बसलेल्या मुलांपैकी अनेकांची घरची भाषा कन्नड असते. ही गोष्ट शाळेत सामान्यतः उणीव म्हणून मोजली जाते. मूल चुकीच्या लिंगाने बोलले की वर्ग हसतो, आणि हळूहळू ते बोलणेच सोडते. जगाच्या इतिहासाचा तास हा या मुलांना पुढे आणण्याचा तास ठरू शकतो. तो कसा, हे पुढील पाठावरून लक्षात येईल.

पहिला पाठ मुलांच्या डब्याचा. त्यास खर्च शून्य आहे. मधल्या सुटीपूर्वीचा तास घ्यावा आणि मुलांना डबे उघडून बाकावर, अथवा बसकरावर, ठेवण्यास सांगावे. ज्वारीची भाकरी, शेंगाचटणी, तुरीच्या डाळीची आमटी, एखाद्याकडे बटाट्याची भाजी. या पलीकडे फारसे काही निघणार नाही, आणि निघण्याची आवश्यकताही नाही. शिक्षकाने फळ्यावर जगाचा ओबडधोबड नकाशा काढावा व विचारावे, यातील कोणता पदार्थ आपला? मुले एकमुखाने सांगतील की सर्वच आपले.

आता एकेक जिन्नस घ्यावा. ज्वारी मूळची आफ्रिकेतील. सुदानच्या पूर्व भागात पाच हजारांहून अधिक वर्षांपूर्वीची खापरे सापडली आहेत. त्यांच्या मातीत ज्वारीच्या कोंड्याचे ठसे उमटलेले आहेत, आणि लागवडीखालील ज्वारीचा आजवर मिळालेला सर्वांत जुना पुरावा म्हणून ते मानले जातात. कुंभार मातीत कोंडा मिसळतो हे गावातील मुलांना सांगावे लागत नाही. भाजताना कोंडा जळतो आणि दाण्याचा आकार मातीत राहतो, हेही ती चटकन समजतात. शहरातील मुलास जे समजावण्यास अर्धा तास लागेल, ते येथे दोन वाक्यांत होते. ही ज्वारी समुद्रमार्गे भारतात आली आणि दख्खनच्या काळ्या जमिनीत अशी रुजली की आज ती परकी होती हे कोणास खरे वाटणार नाही.

तुरीचा प्रवास याच्या उलट दिशेचा आहे. तूर ही भारतातील. येथून ती आफ्रिकेत गेली, आणि पुढे गुलामांच्या व्यापाराच्या काळात आफ्रिकेतून वेस्ट इंडीज बेटांवर पोहोचली. तेथे आजही तुरीचे दाणे व भात हा सणाचा पदार्थ आहे. दुधनीच्या बाजारात तुरीची पोती पाहिलेल्या मुलाला हे ऐकून आपल्या शेतातील पिकाविषयी वेगळेच काही वाटते. गुलामांच्या व्यापाराचा उल्लेख येथे टाळू नये. माणसे साखळदंडांत नेली गेली आणि त्यांच्याबरोबर बियाणे गेले, इतके साध्या शब्दांत सांगता येते.

शेंगदाणा व मिरची ही दोन्ही अमेरिका खंडातील. शेंगदाणा दक्षिण अमेरिकेतील, मिरची मेक्सिकोच्या बाजूची. कोलंबस 1492 मध्ये अमेरिकेस पोहोचला, वास्को द गामा 1498 मध्ये कालिकतला उतरला, आणि त्यानंतर पोर्तुगीजांच्या जहाजांतून ही पिके आपल्याकडे आली. म्हणजे बाराव्या शतकात मंगळवेढ्यास असलेल्या बसवेश्वरांच्या किंवा सोलापूरच्या सिद्धरामेश्वरांच्या पानात मिरची नव्हती. हे सांगितल्यावर वर्गात गलका होतो. तो होऊ द्यावा. मग भाजीस तिखटपणा कशाने येत होता, असा प्रश्न मुलेच विचारतात.

येथे कन्नड बोलणाऱ्या मुलांना उभे करावे. मिरचीला घरी काय म्हणतात? 'मेणसिनकायी.' आणि काळ्या मिरीला? 'मेणसु.' म्हणजे मेणसिनकायी म्हणजे मिरीचे फळ, मिरीसारखे फळ. पूर्वी तिखटासाठी मिरी होती. नवे तिखट फळ आले तेव्हा लोकांनी जुन्याच नावावरून त्याचे नाव पाडले. मराठीतही मिरीवरूनच मिरची झाली. कोलंबसाच्या सोबत्यांनीही हेच केले; मिरचीला त्यांनी आपल्या भाषेतील मिरीच्या शब्दाशी जोडले, आणि इंग्रजीत आजतागायत मिरी व मिरची या दोहोंस 'पेपर' हा शब्द चालतो. पाचशे वर्षांपूर्वीची घटना मुलांच्या आयांच्या तोंडच्या शब्दांत शिल्लक आहे, आणि ती उलगडून सांगणारे मूल म्हणजे एरवी मागील रांगेत गप्प बसणारे मूल. हा पुरावा कोणत्याही संग्रहालयात विकत मिळत नाही. जोळ, रोट्टी, तोगरी हे शब्दही फळ्यावर मराठी शब्दांच्या शेजारी देवनागरीत लिहावेत. शुद्धलेखनाचा धाक त्या तासापुरता बाजूस ठेवावा.

दुसरा पाठ एका प्रवाशाचा, आणि तो या परिसराच्या अगदी उंबरठ्यावरचा आहे. अक्कलकोट तालुक्याची पूर्वेकडील हद्द ओलांडली की कर्नाटकातील आळंद तालुका लागतो. आळंदचा उरूस व तेथील दर्गा मुलांच्या घरच्या माणसांना ठाऊक असतो. 1470 च्या आगेमागे रशियातील त्वेर नगराचा अफनासी निकितिन नावाचा व्यापारी कास्पियन समुद्र, इराण व होर्मुझ या मार्गाने निघून चौल बंदरात उतरला. त्याच्याबरोबर विकण्यासाठी आणलेला एक घोडा होता. तो जुन्नरला गेला; तेथील अधिकाऱ्याने त्याचा घोडा काढून घेतला आणि धर्म बदलशील तर परत देऊ असे सांगितले. खुरासानच्या एका माणसाने मध्यस्थी केली आणि घोडा परत मिळाला. पुढे तो बहमनी राज्याच्या राजधानीस, बीदरला गेला. तेथे वझीर होता महमूद गवान, तो मूळचा इराणातील गिलानचा. रशियाचा व्यापारी, इराणचा वझीर आणि अरबी घोडे दख्खनच्या एकाच शहरात होते, हे चित्र मुलांपुढे नीट उभे करावे.

निकितिनने आपल्या टिपणांत बीदरहून काही कोसांवर शेख अलाउद्दीन यांच्या स्थानी भरणाऱ्या वार्षिक बाजाराचे वर्णन केले आहे. हा बाजार दहा दिवस चाले, देशोदेशीचे लोक जमत, आणि वीस हजारांपर्यंत घोडे विक्रीस येत, असे तो लिहितो. हे ठिकाण म्हणजे आळंद. शिक्षकाने येथे थांबून दोन प्रश्न विचारावेत. पहिला, समुद्र ओलांडून घोडा आणण्याचे कष्ट कोणी का घ्यावे? दख्खनच्या हवेत उत्तम घोड्याची पैदास होत नसे आणि लढाया तर घोड्यांवर चालत, हे उत्तर मुले थोड्या मदतीने काढतात. दुसरा प्रश्न अधिक महत्त्वाचा आहे. वीस हजार घोडे निकितिनने मोजले असतील काय? गावच्या जत्रेला किती माणसे आली, असे तीन मुलांना वेगवेगळे विचारावे. तीन आकडे मिळतील. जत्रेतील आकडा कसा जन्मास येतो हे त्यांना आपोआप कळेल.

याच टिपणात आळंदच्या एका पक्ष्याचा उल्लेख आहे. त्याचे नाव तो 'गुकुक' असे देतो. हा पक्षी रात्री उडतो, ज्या घरावर बसून ओरडतो तेथे कोणी तरी मरते, आणि त्यास मारावयास गेल्यास त्याच्या तोंडातून आग निघते, अशी हकिकत त्याने नोंदविली आहे. घोडा हिरावला गेला ही त्याने भोगलेली गोष्ट. पक्ष्याच्या तोंडची आग ही ऐकलेली. एकाच माणसाच्या लिखाणात दोन्ही शेजारी शेजारी सापडतात. वहीत दोन रकाने पाडून 'पाहिलेले' आणि 'ऐकलेले' अशी विभागणी मुलांकडून करून घ्यावी. इतिहासाची साधने तपासणे म्हणून जे वरच्या वर्गांत अवघड शब्दांत शिकवितात, ते पाचवी-सहावीच्या मुलांना येथे सहज जमते. घुबडाविषयी, कन्नडमधील 'गूबे'विषयी, आजही घरोघर अशाच समजुती ऐकू येतात. ते निघाल्याशिवाय राहणार नाही. शिक्षकाने त्यांची थट्टा न करता घुबड रात्रभर उंदीर टिपते व धान्य वाचविते एवढे सांगून पुढे जावे.

निकितिन परतीच्या वाटेवर, स्मोलेन्स्कपाशी, आपले गाव गाठण्यापूर्वी मरण पावला. त्याची टिपणे मात्र टिकली. त्यांचे इंग्रजी भाषांतर 1857 मध्ये लंडनच्या हॅक्लुइट सोसायटीने पंधराव्या शतकातील भारतविषयक प्रवासवृत्तांच्या संग्रहात छापले. त्यावरील स्वामित्वहक्क केव्हाच संपला असल्याने ते पुस्तक इंटरनेट आर्काइव्हवर कोणासही विनामूल्य उतरवून घेता येते. ज्या शिक्षकास इंग्रजी वाचण्याचा सराव आहे त्याने निकितिनची थोडकी पाने वाचून केंद्राच्या शिक्षण परिषदेत इतरांस मराठीत सांगावीत. निकितिनवर 1957 मध्ये निघालेला 'परदेसी' हा हिंदी चित्रपटही आहे. पण त्यातील कथानक बरेचसे कल्पित असल्याने तो पाठाच्या जागी दाखवू नये, दाखविल्यास पाठानंतर दाखवावा. कपाटामागचा तो जुना नकाशा या पाठासाठी उघडावा. त्यावरील सोव्हिएट संघ आणि नव्या नकाशावरील रशिया, युक्रेन, कझाकस्तान आदी देश शेजारी शेजारी पाहिले म्हणजे देशांच्या सीमा माणसे आखतात व बदलतात हे मुलांना दिसते. राज्याच्या सीमेवर राहणाऱ्या मुलांना ही गोष्ट इतरांपेक्षा लवकर उमगते.

परिसरात अशी आणखी स्थळे आहेत. त्यांचा येथे केवळ निर्देश करणे पुरे. धाराशिव जिल्ह्यातील तेर म्हणजे प्राचीन तगर, इसवी सनाच्या पहिल्या शतकातील एका ग्रीक प्रवासपुस्तिकेत त्याचे नाव आहे. तेथे सापडलेल्या हस्तिदंती स्त्रीमूर्तीशी मिळतीजुळती मूर्ती इटलीतील पाँपेई या नगरात 1938 मध्ये उकरून निघाली. ते नगर सन 79 मध्ये ज्वालामुखीच्या राखेखाली गाडले गेले होते. तेरचे लामतुरे वस्तुसंग्रहालय सहलीच्या योग्य आहे. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस 1938 मध्ये वैद्यकीय पथकाबरोबर चीनला गेले आणि तेथील जखमी सैनिकांची सेवा करीत 1942 मध्ये, वयाच्या अवघ्या बत्तिसाव्या वर्षी, मरण पावले. सोलापुरात त्यांचे स्मारक आहे. घरोघर असलेली सोलापुरी चादर ज्या जॅकार्ड यंत्राच्या पद्धतीने विणली जाते, ती भोके पाडलेल्या पुठ्ठ्यांची युक्ती फ्रान्समधील लिआँ शहराच्या जोसेफ मारी जॅकार्डने 1804 च्या सुमारास सिद्ध केली. पुठ्ठ्यावरील भोक म्हणजे यंत्राला दिलेली आज्ञा. संगणकाच्या इतिहासात या पुठ्ठ्याचे नाव आदराने घेतले जाते.

आता दूरच्या भांडारांकडे वळण्यास हरकत नाही. मराठीतील पहिले व सर्वांत भरवशाचे साधन म्हणजे मराठी विश्वकोश. वाई येथे तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली त्याची उभारणी झाली, 1976 मध्ये पहिला खंड निघाला, आणि आज सर्व खंड संकेतस्थळावर विनामूल्य वाचता येतात. ईजिप्त, मेसोपोटेमिया, चीन, माया संस्कृती यांवर त्यात विस्तृत नोंदी आहेत. भाषा शिक्षकासाठी आहे, मुलांसाठी नव्हे. शिक्षकाने वाचून आपल्या शब्दांत सांगावे. जुन्या नोंदींतील लोकसंख्या, राजवटी व देशांची नावे मात्र तपासून घ्यावीत. बालभारतीची पाठ्यपुस्तके मराठी व कन्नड या दोन्ही माध्यमांत विनामूल्य मिळतात, हे या परिसरात विशेष उपयोगाचे आहे. कठीण संज्ञेसाठी कन्नड पुस्तक उघडून पाहण्यात कमीपणा मानू नये. सोलापूर जिल्ह्याचे गॅझेटिअर, 1884 चे इंग्रजी व त्यानंतरचेही, घरबसल्या वाचता येते.

चित्रांसाठी न्यूयॉर्कच्या मेट्रोपॉलिटन संग्रहालयाने 2017 मध्ये सुमारे पावणेचार लाख, आणि वॉशिंग्टनच्या स्मिथसोनियन संस्थेने 2020 मध्ये सुमारे अठ्ठावीस लाख छायाचित्रे व प्रतिमा कोणतीही अट न घालता खुल्या केल्या. मुलांना लाखो चित्रांची गरज नसते. एका पाठास एक चित्र पुरेसे आहे, ते मात्र मोठे व स्पष्ट असावे. ज्या गावी जाळे नीट चालत नाही तेथे शिक्षकाने तालुक्याच्या गावी चित्र उतरवून घ्यावे व एकाच पानावर छापून आणावे. मोबाइलचा चार बोटांचा पडदा चाळीस मुलांपुढे फिरविण्यापेक्षा भिंतीवर आठवडाभर लावलेले एक पान अधिक शिकविते. माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक रणजितसिंह डिसले यांना 2020 मध्ये जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला तो पाठ्यपुस्तकांस क्यूआर कोड जोडण्याच्या प्रयोगामुळे. तेव्हा साधनांची ही वाट याच जिल्ह्यातून गेलेली आहे.

येथे एक भेद ध्यानात ठेवावा. विनामूल्य असणे आणि मुक्त असणे या दोन भिन्न गोष्टी आहेत. पुष्कळ साहित्य पाहण्यास पैसे पडत नाहीत. पण ते छापून वाटण्याची परवानगी नसते. मेट्रोपॉलिटन संग्रहालय व विकिमीडिया कॉमन्स यांसारख्या ठिकाणी प्रत्येक चित्राखाली परवान्याची अट लिहिलेली असते. ती वाचण्यास दोन मिनिटे लागतात. पाठविणाऱ्याचा पत्ता नसलेली, हातोहात फिरत आलेली चित्रे व मजकूर वर्गात आणू नये. त्यांत चुकीच्या गोष्टी इतक्या ठामपणे सांगितलेल्या असतात की पाठ्यपुस्तकच खोटे वाटू लागावे.

दुसरी दक्षता याहून नाजूक आहे. इतर देशांची संस्कृती म्हणजे त्यांचे चमत्कारिक पोशाख, विचित्र खाणे व नाच, अशी समजूत अनेक तयार चित्रफितींमुळे होते. आफ्रिका म्हटल्यावर फक्त भाले घेतलेली माणसे दिसली तर मूल हसते, आणि त्या हसण्यात त्याच्या नकळत तुच्छता शिरते. ज्या मुलाच्या बोलीला वर्ग हसला आहे, त्याला या हसण्याचा अर्थ लवकर कळतो. म्हणून आफ्रिकेचा पाठ ज्वारीने आरंभावा. मग त्या शेतकऱ्यांची घरे, त्यांची मडकी व त्यांची राज्ये यांकडे जावे. चित्र दाखविताना हे लोक आपल्यासारखे कशात, हा प्रश्न आधी विचारावा आणि वेगळे कशात, हा नंतर.

गोळा झालेले साहित्य एका संग्रहवहीत लावावे. प्रत्येक चित्राच्या मागे पेन्सिलीने ते कोठून घेतले, कोणत्या तारखेस घेतले व त्याचा परवाना कोणता, हे लिहावे. मुलांनी घरून आणलेल्या शब्दांसाठी वहीची शेवटची पाने राखून ठेवावीत. एका बाजूस मराठी, मध्ये कन्नड, आणि जेथे उर्दू बोलणारी मुले आहेत तेथे तिसरा रकाना. वर्षअखेरीस ही वही शेजारच्या कन्नड शाळेस एक आठवडा वाचावयास द्यावी व त्यांची मागून घ्यावी.